सलामाला उत्तर नाही

१

मुसल्लम बिन आमेरची होडी सापडली तेव्हा तिच्या टाकीत भरपूर तेल होतं, बर्फाच्या पेटीत सुरमई होती आणि तळाशी तो स्वतः उताणा पडला होता. छातीत एकच गोळी. डोकं उघडं.

होडी सापडली ती आम्हाला नाही, एका परदेशी युद्धनौकेला. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं: समुद्री चाचा, मालवाहू जहाजावर हल्ला करायला गेला, जहाजावरच्या खासगी रक्षकांनी उडवला. दुपारपर्यंत ते रेडिओवर आलं आणि संध्याकाळपर्यंत खोर झबीन गावात मुसल्लमला ओळखणारं कोणी उरलं नाही. जनाज्याला खांदा दिला तोही आम्ही पोलिसांनीच.

मी महाद बिन सईद, सलालाच्या किनारा पोलिसांतला तपास अधिकारी. बायको गेल्यापासून घरी धुवायला एकच ताट असतं, त्यामुळे लांबची कामं माझ्याच गळ्यात पडतात. साहेबांनी सांगितलं, "गावात जाऊन ये, जहाजावर जाऊन ये, शेरा मार आणि फाइल बंद कर. चाचा तो चाचा."

दुखवट्याचे तीन दिवस असतात. मी गेलो तो दुसरा दिवस होता. घरापुढे चटया अंथरल्या होत्या, परातीत खजूर रचले होते, कहव्याचा थर्मास काठोकाठ भरलेला होता आणि पाण्याच्या वाडग्यात पेले पालथे पडले होते. चटईवर कोणी नव्हतं. समोरच्या घरातल्या माणसाने मला पाहून खिडकी लावून घेतली.

मुसल्लमची मुलगी तुफूल दारात उभी होती. त्याला तेवढं एकच अपत्य.

"अस्सलामु अलैकुम, पोरी."

ती क्षणभर गडबडली. "व अलैकुम अस्सलाम. काका, वाट चुकलात का?"

"मयताच्या घरी आलोय. वाट कशी चुकेन?"

"मग तुम्ही पहिलेच." तिने पेला भरला. "आमच्या बाबांनी या गावात कुणाचा दुखवटा चुकवला नाही. आता भाऊबंद म्हणतात, तुझ्याकडे आलो तर आमच्याही होड्यांचे परवाने जातील. उद्या सूर्य बुडाला की मी चटया गुंडाळणार. त्यानंतर कोणी येत नसतं. मग बाबा चाचा म्हणून गेले ते गेलेच."

मी तीन पेले प्यायलो आणि रिवाजाप्रमाणे रिकामा पेला हलवून पुरे म्हटलं. मग विचारलं, "शेवटचं काही बोलला होता?"

तिने घरातला छोटा वायरलेस आणून माझ्यापुढे ठेवला. बाप समुद्रात असला की ती तो उशाशी घेऊन बसायची.

"म्हणाले, मोठं जहाज सरळ जाळ्यावर येतंय, वळवायला जातो. मग म्हणाले, कठड्याशी चौघं उभे आहेत, नारिंगी कपड्यातले. सलाम केला तर एकाचीही मान हलत नाही. बहिरे आहेत की माजलेत? आणखी जवळ जातो." ती थांबली. "एवढंच. मग नुसती खरखर."

मी खिशातली टिपणं पुन्हा पाहिली. त्या जहाजावर रक्षक दोनच होते, आणि त्यांचे कपडे खाकी होते.

२

ते मालवाहू जहाज, 'कॅलिओपी', बंदराबाहेर नांगरून होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या लाँचमधून निघालो. लाँच चालवायला रजब शिपाई होता. तोंड बंद ठेवणं त्याला जमत नाही.

"साहेब, मेला तेव्हा म्हणे डोकं उघडं होतं."

"हो. आणि डोक्याला गुंडाळायचा मसर कुठे होता?"

"आकडीच्या लांब काठीला, टोकाशी बांधलेला." रजबने इंजिन हळू केलं. "म्हणजे जाळ्यावरून जहाज वळवत होता की! हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

आमच्या किनाऱ्यावर सांगेल. मी स्वतः कोळ्याचा मुलगा. जाळं टाकलेलं असताना एखादं धूड त्यावर चालून आलं की होडी पळवत त्याच्या नाकासमोर जायचं, डोक्याचा मसर सोडून मासा ओढायच्या आकडीला बांधायचा आणि ज्या बाजूला जहाजाने वळावं त्या बाजूला हलवायचा. पण आधी सलाम. आणि सलामाला उत्तर आल्याशिवाय पाठ फिरवायची नाही. ऐकू गेला नसेल, तर आणखी जवळ जाऊन करायचा. समुद्रावर माणसाला माणूस क्वचित भेटतो. त्याला ओलांडून जाणं आमच्यात फार वाईट समजतात.

युद्धनौकेवरच्या तरुण अधिकाऱ्याला मी हे फोनवर सांगितलं होतं. तो सभ्यपणे म्हणाला, "ऑफिसर, आमच्या पुस्तकात वेगाने येणारी होडी आणि लांब काठी म्हणजे हल्ला. एवढ्या समुद्रात आम्ही कुणाकुणाच्या शेजारी उभे राहणार? म्हणून तर जहाजं रक्षक ठेवतात."

जहाजावर दोघं समोर बसले. कॅप्टन मानोलिस, साठीचा ग्रीक, सतत मागच्या दाराकडे बघणारा. आणि रक्षकांचा प्रमुख प्रेविट, इंग्रज, निवृत्त सैनिक, रुंद खांद्यांचा. दुसरा रक्षक त्या वेळी झोपला होता म्हणे.

"गोळी कोणी झाडली?" मी विचारलं.

"मी," प्रेविट म्हणाला. "कॅप्टनच्या परवानगीने."

"परवानगी दिली मी," कॅप्टन घाईने म्हणाला, "पण धोका आहे की नाही ते रक्षकच ठरवतात."

"करारात कॅप्टन ठरवतो असं आहे."

"ते मालकाने आणि तुमच्या कंपनीने आपसात ठरवलंय. मला कोण विचारतो?"

"आणि ज्या देशाचा झेंडा लावलाय, तो देश?" मी म्हटलं.

कॅप्टन पहिल्यांदाच हसला. "त्या देशात मी कधी पाऊल टाकलं नाही. त्याच्याकडे दोन नावाडी असले तरी खूप झालं."

जहाजाला राखणदार ढीगभर, पण गोळीला बाप नाही. मी म्हटलं, "जे पाहिलंत ते सांगा."

"आम्ही दोघं वर सुकाणूच्या खोलीत होतो," कॅप्टन म्हणाला. "होडी सुसाट आली. तो माणूस उभा राहून ओरडत होता. पुन्हा पुन्हा तेच ओरडत होता, छातीवर हात मारत. हातात ती लांब काठी. मला वाटलं, शिडी अडकवणार."

"तेव्हा खाली कठड्याशी चौघं कोण उभे होते?"

कॅप्टनचा चेहरा चुन्यासारखा झाला. प्रेविट मात्र खुर्ची सरकवून उठला.

"चला," तो म्हणाला, "भेट घालून देतो."

३

कठड्याशी नारिंगी कपड्यातली माणसं आमच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत होती. डोक्यावर हेल्मेट, हातात लोखंडी नळ्या. मी जवळ जाऊन एकाच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा आत दबला.

बुजगावणी होती. कपड्यांत चिंध्या भरलेल्या, मानेच्या जागी काठी. लांबून बघणाऱ्याला पहारा वाटावा म्हणून.

मला आधी हसू आलं, पण क्षणभरच. मुसल्लम यांना सलाम करत होता. यांना ऐकू जात नाही म्हणून जवळ येत होता.

"तीनच दिसतात," मी म्हटलं.

"तीनच आहेत. पहिल्यापासून," कॅप्टन म्हणाला.

"फुजैरा बंदरापासून रोज पहाटे मी यांच्याच शेजारी पहारा दिलाय," प्रेविट म्हणाला. "गुणी पोरं आहेत. तक्रार करत नाहीत."

म्हणजे मुसल्लमने एक जास्त पाहिला. कोळ्याची नजर लाटेआड तरंगणारी जाळ्याची खूण शोधते, ती चुकत नाही. चौथा माणूस जिवंत होता, नारिंगी कपड्यात होता आणि बुजगावण्यांत बुजगावणं होऊन उभा होता.

दुपारी मी मुदपाकखान्यात शिरलो. नेस्टर नावाचा फिलिपिनो आचारी भात ढवळत होता. त्याने न विचारताच माझ्यापुढे ताटली ठेवली.

"त्या माणसाला घरी कोण आहे?" त्याने विचारलं.

"एक मुलगी."

"मलाही एकच." तो पुन्हा भात ढवळायला लागला. मी रक्षकांचा विषय काढताच म्हणाला, "ते मला विचारू नका. भाताबद्दल विचारा."

"बरं, मग बुजगावण्यांबद्दल सांग. कोणी बनवली?"

त्याचा चेहरा खुलला. "आम्हीच! पहिला पाकिंग, मधला डॉक्टर आणि मान वाकडी आहे ती सासूबाई. महिनोन् महिने तीच तोंडं बघायची असतात, साहेब. चेहरे वाढले तर बरं वाटतं. सकाळी कामाला जाताना सगळे त्यांना गुड मॉर्निंग करतात. आणि नवीन माणूस जहाजावर चढला ना, की पहिल्या दिवशी त्याला सासूबाईंच्या हाताचं चुंबन घ्यावं लागतं. कोणाची सुटका नाही. त्याशिवाय मी वाढतच नाही."

"कॅप्टननेही घेतलं?"

"सगळ्यात आधी."

बाहेर आलो तर प्रेविट कठड्याला टेकून सिगारेट ओढत होता, वाकड्या मानेच्या बुजगावण्यापासून हातभर अंतरावर.

"रोज पहाटे तुमच्या शेजारी उभी असते," मी सहज विचारलं, "तिचं नाव काय हो?"

त्याने भुवया उंचावल्या. "तिचं? या जहाजावर बाई नाही, ऑफिसर."

४

"तुम्हीही नव्हतात," मी म्हटलं.

सिगारेट त्याच्या ओठांशीच थांबली. मी त्याला सासूबाईंची गोष्ट सांगितली. फुजैरापासून या जहाजावर जेवणारा माणूस तिला ओळखत नाही, हे होऊच शकत नाही. तो चढलाय तो मुसल्लम मेल्यावर, जेव्हा थट्टा करायची कोणाला इच्छा नव्हती.

प्रेविटने सिगारेट समुद्रात टाकली. "सलालाच्या अलीकडे लाँचने आणून सोडलं आम्हाला. मालकाचं म्हणणं, इकडच्या पट्ट्यात आता धोका उरलेला नाही, रक्षक पुढे तांबड्या समुद्रापुरते पुरेत. चढलो तर हे झालेलं. कंपनीचा फोन आला. परवान्याच्या बंदुकीने चाचा मारला तर कोणी विचारत नाही. परवाना नसलेल्या बंदुकीने मारला तर सगळेच गोत्यात. मला सांगितलं, तो चाचा होता."

"आणि तुम्ही मान डोलावलीत."

"पंचवीस वर्षं दुसऱ्यांनी दाखवलेल्या माणसावर नेम धरलाय, ऑफिसर. या वेळी तर धरायचाही नव्हता." तो खिन्नपणे म्हणाला. "पण गोळी कोणाची ते विचारू नका. मी नव्हतोच, तर कुठून सांगू?"

ते खरं होतं. जहाजावर वीसेक खलाशी, सगळ्यांकडे नारिंगी कपडे. चौथा त्यांतला कोणीही असू शकत होता. ऊन कलायला लागलं होतं. तिकडे खोर झबीनला तुफूल तिसऱ्या दिवसाचा कहवा करून बसली असणार. फाइल तशीच बंद झाली की ती चटया गुंडाळणार.

आणि मग मला कॅप्टनचं वाक्य आठवलं.

मी रजबला लाँच घेऊन जहाजाच्या नाकापाशी जायला सांगितलं. "तिथे उभा राहा आणि तुझ्या बेंबीच्या देठापासून मला शिव्या दे."

"खरंच, साहेब?" त्याच्या आवाजात एवढा आनंद होता की मला वाईटच वाटलं.

मी वर सुकाणूच्या खोलीत गेलो. जाड काचा, खाली गुरगुरणारी यंत्रं. समोर जहाजाची सगळी लांबी पसरलेली आणि तिच्या पलीकडे रजब, मुंगीएवढा. त्याने हात पसरले, मान मागे टाकली. तोंड उघडत होतं, मिटत होतं. एक अक्षर ऐकू आलं नाही.

काठी इथून दिसली असती. ओरडणं ऐकू येणं शक्य नव्हतं. तो पुन्हा पुन्हा तेच ओरडत होता, हे ज्याला ठाऊक होतं, तो इथे नव्हताच.

५

कॅप्टन मानोलिस कठड्याशी सापडला. डॉक्टर आणि सासूबाई यांच्यामध्ये रिकामी जागा होती, तिथे तो उभा होता. पायांना ती जागा सवयीची असावी.

"तुमचे नारिंगी कपडे कुठे आहेत, कॅप्टन?"

"बंदुकीबरोबर. समुद्रात." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "केव्हा कळलं?"

"वरच्या खोलीत काही ऐकू येत नाही, हे पाहिलं तेव्हा."

त्याने मान हलवली आणि बोलायला लागला. मी पुढे काही विचारलं नव्हतं, पण ऐकणारं कोणी तरी त्याला कित्येक वर्षांनी भेटलं असावं. पूर्वी एकदा चाच्यांनी त्याचं जहाज धरलं होतं. सगळा उन्हाळा आणि सगळा हिवाळा तो एका पत्र्याच्या कोठडीत होता. "मालक म्हणाला, विमा कंपनीशी बोला. विमा कंपनी म्हणाली, झेंड्याच्या देशाशी बोला. एक युद्धनौका येऊन लांबून बघून गेली. तिचे दिवे दिसायचे मला. माझा दुसरा इंजिनिअर तिथेच तापाने गेला. सगळे म्हणत होते, राखण करणं आमचं काम नाही. तेव्हा ठरवलं, आता आपली राखण आपणच करायची. या पट्ट्यात रक्षक नाहीत म्हटल्यावर रोज पहाटे हे कपडे घालून मी इथे उभा राहायचो. यांच्यात उभं राहिलं की एकटं वाटत नाही."

"आणि होडी आली."

"सरळ माझ्यावर आली. मी हललो नाही. वाटलं, चौघं दिसल्यावर वळेल. तो वळेना. उलट जवळ येऊन आणखीच जोरात ओरडायला लागला." आता तो माझ्याकडे वळला. "ऑफिसर, तो काय ओरडत होता?"

"सलाम करत होता."

"म्हणजे?"

"'तुमच्यावर शांती असो.' छातीवर हात ठेवून तेच म्हणतात. तुम्ही उत्तर दिलं असतं तर मसर हलवून जाळ्याची बाजू दाखवली असती आणि निघून गेला असता."

कॅप्टन मानोलिस हळूहळू खाली बसला. सासूबाईंच्या चिंध्यांच्या पायांना धरून तो म्हाताऱ्यासारखा रडला. त्याचा मला राग होता, अजून आहे. पण त्या क्षणी मला त्याची कीवच आली.

मी तिथूनच साहेबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "चाचा हा शब्द काढून टाक. बाकी बघून घेऊ." जबाब घेतला, कॅप्टनला लाँचमध्ये बसवलं. प्रेविट आपण होऊन जबाब द्यायला मागोमाग उतरला. किनारा जवळ आला तेव्हा कॅप्टनने विचारलं, "उत्तर काय द्यायचं असतं?"

मी सांगितलं. रजबने इंजिनाचा आवाज कमी केला. धक्का येईपर्यंत तो माणूस मोकळ्या पाण्याकडे बघत तेवढेच शब्द म्हणत होता, चुकत, पुन्हा सुरुवात करत.

खोर झबीनला पोचलो तेव्हा सूर्य खाली आला होता. मी घराकडे गेलो नाही, आधी वाळूवर गेलो. तिथे माणसं जाळी शिवत बसली होती. मला पाहून माना खाली गेल्या.

"ऐका," मी म्हटलं. "मुसल्लम चाचा नव्हता, हे सरकार आता लिहून देतंय. पण तुम्हाला त्याची गरज नव्हती. डोक्याचा मसर आकडीला बांधलेला होता. तो कशासाठी बांधतात, ते मी कोणाला सांगू? तुम्हाला?"

मग एका म्हाताऱ्याने हातातली सुई वाळूत खोचली आणि तो उठला. बाकीचे उठले. आम्ही पोचलो तेव्हा तुफूल पहिली चटई गुंडाळत होती.

"अस्सलामु अलैकुम," म्हातारा म्हणाला. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. तिने प्रत्येकाला उत्तर दिलं. शरमेने त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं, पण ती प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून उत्तर देत होती. समोरच्या घरातला खिडकीवाला सगळ्यांत शेवटी आला आणि त्यालाही तिने पेला भरून दिला.

लोक उठून गेले, मी बसून राहिलो. मी तिला जहाजावरचं सगळं सांगितलं, बुजगावण्यांसकट. ती गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती.

"म्हणजे बाबांना कोणी उत्तर दिलंच नाही."

"दिलं, पोरी," मी म्हणालो. "उशिरा दिलं. मी ऐकलंय."

तिने डोळे पुसले आणि थर्मास उचलला. माझा पेला रिकामा झाला होता. मी तो हलवला नाही, तसाच पुढे धरला.